सर्जेरावांचा ठोका

पंचगंगा एकादश हा कोल्हापूरचा फुटबॉल संघ बावीस वर्षांत एकदाही पहिल्या आठात आला नव्हता. बारा संघांच्या लीगमध्ये अकरावं नाहीतर बारावं यायचं आणि पुढच्या वर्षी बघू म्हणायचं, हा त्याचा शिरस्ता. पुढच्या वर्षी बघायला जो माणूस सर्वांत आधी पायऱ्यांवर येऊन बसायचा तो म्हणजे सर्जेराव अतिग्रे. घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता. त्यांना हृदयविकाराचा झटकासुद्धा जूनमध्ये आला, लीगला सुट्टी असताना. त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनी, ही गोष्ट दवाखान्यातल्या प्रत्येकाला सांगितली होती, आणि कौतुकानं सांगितली नव्हती.

सर्जेरावांनी उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथ चालवला. लोखंड कापणाऱ्या टूलचा आवाज बदलायच्या आत त्यांचा हात हँडलवर गेलेला असायचा. तीच नजर मैदानावर. पास निघण्याआधीच तो कुठं जाणार हे त्यांना दिसायचं, आणि ते श्वास रोखून धरायचे. शेजारी बसलेल्यांनी नुसतं सर्जेरावांकडं बघितलं तरी पुढं काय होणार ते कळायचं. दुर्दैवानं ते खेळाडूंना कळत नव्हतं.

त्यांनी घालून दिलेली एक रीत मात्र सगळ्या मैदानानं उचलली होती. पहिल्याच हंगामात संघ सात-शून्यनं हरला तेव्हा संघाचा गोलकीपर, बावड्याचा एक पोरगा, गुडघ्यांत डोकं घालून गोलमध्येच बसून राहिला. लोक चपला शोधत उठायला लागले. सर्जेराव म्हणाले, "त्यो आत जाईपर्यंत कुणी उठायचं न्हाई." लोक बसले. गोलकीपर उठून आत गेला तेव्हा सगळ्यांनी मिळून एकच टाळी वाजवली, दुसरी नाही. तेव्हापासून हरलेल्या सामन्यानंतर शेवटचा खेळाडू आत जाईपर्यंत अठरा हजार माणसं गप्प बसायची आणि मग एकच टाळी पडायची. याला ते बैठक म्हणायचे. जिंकल्यावर काय करायचं याची रीत पडायला संघानं फारशी संधीच दिली नव्हती.

दोन हजार अडतीसच्या जानेवारीत लीगचं पत्र आलं. संघाचे नवे मालक संघ सुरतेला न्यायचं म्हणत होते. तिथं चाळीस हजारांचं नवं मैदान बांधून तयार होतं आणि त्यात खेळायला कुणी नव्हतं. मात्र लीगनं नियम केला होता की संघ हलवण्याआधी जुन्या शहराची निष्ठा मोजायची. शेवटच्या पाच घरच्या सामन्यांत तिचा आकडा सरासरीनं शंभरपैकी साठाच्या वर राहिला, तर त्या शहरातून संघ हलवण्याची परवानगी नाही.

निष्ठा मोजणार कशी, हे सांगायला रेणुका खानोलकर नावाची इंजिनियर तालमीच्या सभागृहात आली. पस्तिशीची, बोलायला मऊ, पण मुद्द्याला धरून बोलणारी. तिनं रबराचा एक पातळ पट्टा वर धरला. एकत्र बसून एकच गोष्ट जीव लावून बघणाऱ्या माणसांचे हृदयाचे ठोके हळूहळू जुळायला लागतात, हे फार पूर्वी सिद्ध झालं आहे, असं ती म्हणाली. नाटक बघताना जुळतात, भजनात जुळतात. हा पट्टा कातडीतून उजेड सोडतो, आतलं रक्त कसं वाहतं ते बघतो आणि प्रत्येक ठोका टिपतो. हाताला फुटलेला घामही मोजतो. मग शेजारच्यांच्या आणि मैदानावरच्या खेळाच्या तुलनेत तुमचं हृदय किती साथ देतंय त्याचा आकडा काढतो. तुम्ही गुंतला असाल तर नारिंगी दिवा, नसाल तर करडा. आरडाओरडा, झेंडे, फेटे, यांचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

"म्हंजे खोटं चालत न्हाई," आप्पासो चौगुले म्हणाले. हे चाहता मंडळाचे सचिव आणि सर्जेरावांचे चाळीस वर्षांचे मित्र. त्यांच्याकडे माईक होता, आणि एकदा हातात आलेला माईक ते सहसा सोडत नसत.

रेणुकानं सांगितलं की खोटं अजिबात चालत नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. खऱ्याचीच परीक्षा घेणार असतील तर कोल्हापूरला कसली भीती, असं आप्पासोंनी माईकवरून विचारलं आणि सगळ्यांना रांगेत उभं केलं. पट्ट्याबरोबर पडद्यावर अकरा पानी करार होता. आठवडाभरात सतरा हजार नऊशे माणसांनी त्याखाली अंगठा टेकवला. वाचला कुणीच नाही. वाचत बसणं म्हणजे निष्ठेत खोट असल्यासारखं झालं असतं.

पहिल्या सामन्याला सर्जेराव नेहमीप्रमाणे दोन तास आधी गेले. विटकरी रंगाची जुनी जर्सी अंगात, पट्टा डाव्या मनगटावर. सामना सुरू झाला. सतराव्या मिनिटाला संघाच्या विंगरनं उजवीकडून अशी मुसंडी मारली की सगळे उभे राहिले. सर्जेरावांनी सहज मनगटाकडं बघितलं तर दिवा करडा होता. शेजारी आप्पासोंचा भाचा पहिल्यांदाच सामन्याला आला होता आणि अर्धा वेळ भेळ खात होता, त्याचा दिवा नारिंगी होता. सर्जेरावांनी पट्टा काढून पुसला, परत बांधला, उजव्या हाताला बांधून बघितला. दिवा सामना संपेपर्यंत करडाच राहिला.

संघ हरला. आकडा चौतीस आला.

त्यांना इतकी लाज वाटली की आप्पासोंबरोबर न थांबता ते एकटेच घरी गेले. बावीस वर्षांत कुणी त्यांना विचारलं नव्हतं की तुमचं या संघावर प्रेम आहे का, आणि आता एका रबरी पट्ट्यानं विचारून वर नाही असं उत्तरही देऊन टाकलं होतं. मनात कुठं खरंच तर आटलं नाही ना, अशी शंका त्यांना त्या संध्याकाळी चाटून गेली, आणि ती त्यांना झटक्यापेक्षा भयंकर वाटली.

खुलासा डॉक्टरांकडे मिळाला. जूनपासून सर्जेराव रोज सकाळी एक पांढरी गोळी घेत होते. ती गोळी हृदयाला पळू देत नाही, डॉक्टर म्हणाले. वाघ समोर आला तरी तुमचे ठोके सत्तरच्या वर जाणार नाहीत, आणि जाऊ नयेतच. पट्ट्याला ते कसं कळणार? सर्जेरावांनी विचारलं की गोळी थोडे दिवस थांबवली तर. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि ती एकदम बंद केली तर हृदय दुप्पट उसळतं, माणूस जागच्या जागी जाऊ शकतो, असं दोनदा सांगितलं. सर्जेरावांनी दोन्ही वेळा मान हलवली.

दुसऱ्या सामन्याआधी चार दिवस त्यांनी गोळी बंद केली. रोज सकाळी ती तोंडात टाकायची, पाणी प्यायचं, आणि मागच्या बाजूला जाऊन जुन्या ऑइलच्या डब्यात थुंकायची.

पण त्यांच्या घरात त्या रबरी पट्ट्याहून जुना एक पट्टा होता. दवाखान्यातून घरी आल्यापासून मालनबाई रोज सकाळी चहाआधी नवऱ्याचं मनगट धरून, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत, एक मिनिट नाडी मोजायच्या. आकडा पाटीवर लिहायच्या. गोळी सुरू झाल्यापासून तो अठ्ठावन्न-साठ असायचा. खरं तर आकड्याची त्यांना गरजही नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून नवऱ्याच्या दंडावर डोकं ठेवून झोपताना त्यांना त्या नाडीची एक खोड माहीत झाली होती. सात-आठ ठोके नीट पडायचे, मग एक गळायचा, आणि त्याच्या पुढचा जरा जोरात पडायचा. "तुमची नाडी ठेचकाळती," असं त्या तेव्हा हसून म्हणायच्या. गोळीनं ती ठेच पार गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, गेली ते बरंच झालं.

चौथ्या दिवशी सकाळी मालनबाईंच्या बोटांखाली ती ठेच परत आली.

त्यांनी हात सोडला नाही. मिनिट पुरं होऊ दिलं. मग पाटीवर काही न लिहिता मागं गेल्या, ऑइलचा डबा घेऊन आल्या आणि तो ओट्यावर ठेवला.

"कितवी?" त्यांनी विचारलं.

"चार."

"कशासाठी, ते सांगू नका. ठाव हाय मला."

सर्जेराव तरी सांगायला लागले. पाच सामन्यांतला एक गेला, चार उरले. साठाच्या वर सरासरी गेली तर संघ राहतो. आपल्या एकट्याच्या दिव्यानं काय होतंय, हे त्यांनाही कळत होतं. पण आपण करडे बसलो आणि संघ गेला तर उरलेलं आयुष्य तेच डोक्यात राहील, असं ते म्हणाले. मालनबाई बावीस वर्षांत एकदाही मैदानावर गेल्या नव्हत्या. त्या खेळाचा त्यांना मनापासून राग होता. रविवार त्यानं खाल्ले होते, सणवार खाल्ले होते. त्यांना डबा भिंतीवर फेकावासा वाटला, पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा बघून त्यांचा हात उठला नाही.

"सामना सुटला की गोळी," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्याम्होरं गिळायची. जीभ वर करून दाखवायची."

हे बोलून आपण काय कबूल केलं ते त्यांना उमगलं, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या सामन्यात सर्जेरावांचा दिवा पाचव्या मिनिटाला नारिंगी झाला आणि नारिंगीच राहिला. तरी एकूण आकडा पन्नासाच्याही वर जाईना. त्याचं कारण सर्जेरावांना मध्यंतरात दिसलं. माणसं सामना बघतच नव्हती, मनगटं बघत होती. करडा दिसला की घाबरायची, घाबरली की आणखी बिघडायचं. पलीकडच्या पेठेतल्या तालमीनं, जिच्याशी इथल्या तालमीचं तीन पिढ्यांचं हाडवैर, मोठ्या मनानं पाचशे माणसं पाठवली होती. ती बिचारी घसा फोडून ओरडत होती आणि पाचशेच्या पाचशे दिवे करडे होते.

सर्जेराव आप्पासोंजवळ गेले आणि त्यांच्या हातातून माईक घेतला. हे या आधी कुणाला जमलं नव्हतं.

"मनगटाकडं बगू नका," ते म्हणाले. "बॉलकडं बगा. आपुन बॉल बगायला आलोय."

एवढंच बोलून त्यांनी माईक परत दिला. लोकांनी बाह्या खाली ओढून पट्टे झाकले. सामना तीन-एकनं गेला. लोक बसून राहिले, शेवटचा खेळाडू आत गेला, एक टाळी पडली. रेणुका खानोलकर वरच्या काचेच्या खोलीत बसून आकडे बघत होती. बैठक चालू असताना तिच्या पडद्यावर आकडा त्र्याण्णव झाला. तिला वाटलं यंत्र बिघडलं. तिनं ते बंद करून परत चालू केलं, आणि ते परत त्र्याण्णवच दाखवायला लागलं.

तिसरा सामना हरले, चौथा बरोबरीत सुटला. सरासरी सत्तावन्नला पोचली. कोल्हापुरात दुसरा विषय नव्हता. घरी सामन्यानंतर दारातच मालनबाई पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन उभ्या असायच्या. सर्जेराव गिळायचे, जीभ वर करून दाखवायचे. पुढच्या सामन्याआधी चार दिवस परत डबा. मालनबाई आता रोज दोनदा नाडी बघायच्या. ठेच कधीकधी दर चौथ्या ठोक्यालाही यायला लागली होती, आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

शेवटचा सामना दुपारी चारचा होता. सत्तरावं मिनिट उलटल्यावर, एक-शून्यनं मागं असताना, पंचगंगाच्या पोरांनी असा काही खेळ केला की तसा खेळ त्या मैदानानं बघितला नव्हता. चेंडू दोनदा खांबाला लागून परत आला. सर्जेरावांच्या छातीत डावीकडं दुखायला सुरुवात झाली ती चेंडू दुसऱ्यांदा खांबाला लागला तेव्हा. दुखणं खांद्यात आलं, मग जबड्यात. सामना संपला, हरले. आप्पासोंनी त्यांचा रंग बघितला आणि उठवायला गेले, तर सर्जेरावांनी मान हलवली. गोलकीपर अजून मैदानात होता. तो सावकाश चालत होता. तो आत जाईपर्यंत सर्जेराव बसून राहिले, सगळ्यांबरोबर टाळी वाजवली, आणि मग पुढच्या पायरीवर कोसळले.

जगले ते. दोन दिवसांनी डोळे नीट उघडले तेव्हा आप्पासो उशाशी होते आणि मालनबाई मनगट धरून बसल्या होत्या. आप्पासोंनी कानाशी वाकून सांगितलं की सरासरी त्रेसष्ट. शेवटच्या सामन्याला सत्त्याऐंशी. शिवाजी पुतळ्यापासून मिरवणूक निघाली होती, तुमचा फोटो ट्रॅक्टरवर होता. सर्जेराव रडले. मालनबाईंनी त्यांच्याकडं न बघता घड्याळाकडं बघत राहणं पसंत केलं.

संघ जाणार असल्याची बातमी त्यानंतर तीन आठवड्यांनी आली. आप्पासोंनी आधी ती अफवा ठरवली, मग लीगच्या कार्यालयात जाऊन आले, आणि तिथून आल्यावर त्यांनी चार दिवस माईकला हात लावला नाही.

रेणुका खानोलकर स्वतः घरी आली. तिला कुणी पाठवलं नव्हतं. मालनबाईंनी तिला बस म्हटलं, चहा ठेवला, आणि मग चहा करायचं विसरून तिथंच उभ्या राहिल्या.

नियम खरा होता, रेणुकानं सांगितलं. निष्ठा असलेल्या शहरातून संघ हलवायचा नाही. पण करारातल्या नवव्या पानावर लिहिलं होतं की निष्ठा नव्या ठिकाणी नेता आली तर ती तुटली असं धरलं जाणार नाही. तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं की असं काही नेता येईल. तिलाही नाही. मग ती बैठक दिसली.

"जिंकल्यावर सगळीकडेच ठोके जुळतात, काका," ती म्हणाली. "हरल्यावर जुळलेले आम्ही कुठंच बघितले नव्हते. फक्त इथं."

मनगटावरचा पट्टा ठोका वाचतो तसा देऊही शकतो, तिनं समजावलं. कातडीवर हलकेच टकटक केली, तुमच्या नाडीपेक्षा किंचित वेगळ्या लयीत, की आधी श्वास त्या लयीमागं जातो आणि श्वासामागं हृदय. चाळीस हजार मनगटांवर एकच लय दिली तर चाळीस हजार परकी माणसं तासाभरात एकमेकांची होतात. मात्र यंत्रानं बनवलेली लय शरीर झिडकारतं. जिवंत माणसाचीच लागते, आणि तीही खेळ कळणाऱ्याची. तिच्या माणसांनी सतरा हजार नऊशे नाड्या तपासल्या. एक नाडी बाकी सगळ्यांच्या दोन सेकंद पुढं चालत होती. पास निघायच्या आधी ती चढायची, आणि मग सगळं मैदान तिच्यामागून चढायचं. यंत्रानं ती नाडी आणि सामने शेजारी शेजारी ठेवून शिकून घेतलं की कुठल्या खेळाला हे हृदय काय करील. आता समोर कुठलाही सामना असो, यंत्र ती नाडी जशीच्या तशी चालवतं.

सर्जेरावांना कळायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "मग संघ हितंच ठेवा की. नाडी हितं हाय."

"संघ ठेवायला आता शहर लागत नाही, काका. ठोका पुरतो."

"पुसून टाकता येतोय का?"

"नाही. साठवलेला असता तर पुसला असता. यंत्र ते शिकलंय."

मालनबाई ओट्याजवळून पुढं आल्या. त्यांनी विचारलं, "ह्यांनी गोळी सोडली हुती. त्येबी कळलं का तुमच्या यंत्राला?"

रेणुकानं खाली बघितलं. पहिल्या सामन्याची त्यांची नोंद कामाचीच नव्हती, ती म्हणाली, सगळं झाकलेलं होतं. दुसऱ्या सामन्यापासून ती एकदम स्वच्छ मिळाली. त्याचं कारण तिला त्या वेळी माहीत नव्हतं. कळलं असतं तर थांबवलं असतं, असंही ती म्हणाली. ते खरं असावं. पण त्याचा आता कुणालाच उपयोग नव्हता. चहा न घेताच ती गेली.

आप्पासोंनी कोर्टात जाऊन बघितलं. तिथं अकरा पानं आणि अंगठे पुढं आले. मोर्चा निघाला, त्याला पालकमंत्री सामोरे आले, त्यांनी निवेदन घेतलं. ऑगस्टमध्ये दोन बस भरून सामान गेलं. मैदानावर लग्नं लागायला लागली.

सर्जेराव आता रोज दोन गोळ्या घेत होते आणि खरोखर गिळत होते. नाडी चौपन्न, एकसारखी. डिसेंबरात एक दिवस ते म्हणाले, सुरतेला जाऊन एक सामना बघावा म्हणतो. मालनबाईंना वाटलं होतं की हे कधीतरी येणार. एकटं सोडायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी डबे भरले, गोळ्या मोजून पिशवीत घातल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉलचा सामना बघायला निघाल्या.

सुरतेचं मैदान चकचकीत होतं. संघाचं नाव आता तापी एकादश होतं, पण जर्सी तीच विटकरी. दारात सगळ्यांना पट्टे बांधत होते. सर्जेरावांनी नको म्हणून बघितलं, पण पट्ट्याशिवाय आत सोडत नव्हते. दुपारच्या उन्हात दोघं वरच्या रांगेत बसली. आजूबाजूला ढोकळ्याचे डबे उघडले होते. शेजारचं कुटुंब आपसात विचारत होतं की आपले कुठले, डावीकडचे की उजवीकडचे.

सामना सुरू झाला आणि पट्टे हलायला लागले. सर्जेरावांना मनगटावर बारीक टकटक जाणवली. त्यांचं हृदय तिच्याकडं ढुंकूनही न बघता चौपन्नच्या चालीनं चालत राहिलं. दिवा करडा झाला. दहा मिनिटांनी तिथला एक गणवेशवाला वाकून अदबीनं सांगून गेला की चाचा, अंग सैल सोडा, श्वास लयीबरोबर घ्या, सगळ्यांना जमतं. सर्जेरावांनी मान हलवली आणि खरंच प्रयत्न केला. जमलं नाही.

विंगरनं उजवीकडून मुसंडी मारली. पास निघायच्या आधी, पूर्ण दोन सेकंद आधी, चाळीस हजार माणसांनी श्वास रोखला.

मालनबाईंनी दुसऱ्या हातानं आपलं मनगट घट्ट धरलं होतं. त्यांचा दिवा नारिंगी होता. सर्जेरावांना आधी वाटलं की त्यांना बरं वाटत नाही.

"आवो," त्या म्हणाल्या. "ही ठेच."

त्यांनी नवऱ्याची बोटं ओढून आपल्या पट्ट्यावर ठेवली. सात ठोके पडले, आठवा गळला, पुढचा जोरात पडला. सर्जेरावांना स्वतःची नाडी ओळखता आली नाही. त्यांनी ती कधी मोजलीच नव्हती. पण बायकोचा चेहरा बघून त्यांना कळलं.

"काढा तो पट्टा," ते म्हणाले.

"ऱ्हाऊ दे जरा," मालनबाई म्हणाल्या. "लई दिस झालं."

संघ दोन-एकनं हरला. शहर बदललं म्हणून त्यानं स्वभाव बदलला नव्हता. शिट्टी झाली आणि कुणी उठलं नाही. ढोकळ्यावाले बसून राहिले, पोरं बसून राहिली. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि का बसलो ते त्यांना माहीत नव्हतं. नवा गोलकीपर मान खाली घालून आत गेला, आणि चाळीस हजार माणसांची एकच टाळी पडली. मालनबाईंचीही पडली. सर्जेरावांनीही वाजवली, पण त्यांची टाळी उशिरा पडली आणि एकटीच ऐकू आली. शेजारच्या माणसानं वळून बघितलं आणि समजुतीनं हसला.

बाहेर जाताना दारात प्लास्टिकची मोठी क्रेट ठेवली होती. पट्टे त्यात टाकायचे होते. सर्जेरावांनी टाकला. मालनबाईंनी काढला, पण हातातच धरून उभ्या राहिल्या. मागची माणसं खोळंबली. सर्जेराव म्हणाले, चला. त्या जरा थांबा म्हणाल्या. मग आणखी एक ठेच येऊ दिली आणि पट्टा ठेवला. क्रेटमधले शेकडो पट्टे एकाच वेळी हलत होते, एकाच वेळी गळत होते. गणवेशवाल्यानं भिंतीवरचं बटण दाबलं आणि ते सगळे थांबले.

गर्दीतून बाजूला होऊन मालनबाईंनी नवऱ्याचं मनगट हातात घेतलं. घड्याळ कुठं दिसत नव्हतं, म्हणून त्या तोंडानंच मोजायला लागल्या. सहा, सात, आठ. नाडी संथ आणि एकसारखी चालली होती. डॉक्टर खूश झाले असते. मालनबाई पुढं मोजत राहिल्या, बोटं तशीच ठेवून, शंभरपर्यंत मोजलं, पण ठेच लागली नाही.